दाणे, दाद आणि नोंद
दीडशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळाने शिकवलेली गोष्ट

स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला की गड, लढाया आणि राजे यांच्याकडे आपले लक्ष जाते. या वेळी मी दुष्काळाचा इतिहास निवडला आहे. भीमाकाठच्या आपल्या मुलखाला राजे बदलले, राज्ये बदलली, सरहद्दी बदलल्या. पण पावसाची वाट पाहणे काही बदलले नाही. 1876 ते 1878 या काळातल्या मोठ्या दुष्काळाला आता दीडशे वर्षे होत आली. त्या दुष्काळात दोन प्रकारची माणसे पुढे आली. एक दाणे वाटणारी आणि दुसरी दाद मागणारी. त्यांचे हात जिथे जुळले, तिथे पुढे कायदा झाला. कसा, ते या लेखात सांगायचे आहे.

एक आभाळ, तीन राजवटी

त्या वेळी करजगीच्या आसपासचा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मराठी माणूस त्याला मोगलाई म्हणत असे. भीमा ओलांडली की इंग्रजांचा कलादगी जिल्हा लागे. इंडी, सिंदगी हे भाग त्यातच होते. वरच्या अंगाला अक्कलकोट संस्थान आणि त्यापलीकडे इंग्रजांचा सोलापूर जिल्हा. राजवटी तीन, आभाळ मात्र एकच. 1876 साली ते आभाळ कोरडे गेले. मृगाने दगा दिला आणि परतीच्या पावसानेही पाठ फिरवली. खरीप गेला, आणि रब्बीची ज्वारी पेरायला रानात ओलच उरली नाही.

आज शास्त्रज्ञ त्याचे कारण सांगतात. प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापले की आपल्याकडचा मोसमी पाऊस अडखळतो. त्याला एल निनो म्हणतात. 1877 च्या सुमाराचा एल निनो फार जबर होता. त्याच काळात चीनमध्ये आणि ब्राझीलच्या ईशान्य भागातही माणसे भुकेने मेली. म्हणजे संकट साऱ्या जगाचे होते. पण पाऊस न पडणे हा निसर्गाचा भाग, आणि माणूस उपाशी मरणे हा बराचसा राज्यकारभाराचा भाग. 1871 पर्यंत सोलापूर, गुलबर्गा, रायचूर अशी रेल्वे झाली होती. दुष्काळी मुलखात धान्य आणायला तिचा उपयोग झाला, तसाच धान्य बाहेर न्यायलाही. बाजारात ढवळाढवळ करायची नाही हे सरकारचे धोरण होते. भाव चढत गेले आणि मजुराच्या हातात पैसा नव्हता.

किती माणसे गेली? इंग्रजी मुलखातला नेहमी सांगितला जाणारा अंदाज पन्नास लाखांहून अधिक आहे. आपल्या समोरच्या काठाचेच पाहा. 1872 आणि 1881 या दोन शिरगणत्यांच्या मधल्या काळात कलादगी जिल्ह्याची लोकसंख्या पाचव्या हिश्श्याहून जास्त घटली. काही मेले, काही देशोधडीला लागले. प्रत्येक पाच घरांमागे एक घर रिकामे, असा त्याचा सरळ अर्थ.

एक पौंड धान्य

1877 च्या जानेवारीत दिल्लीत मोठा दरबार भरला. राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे तिथे जाहीर झाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, या दरबाराला गेले ते हातसुताच्या खादीचे साधे कपडे घालून. जरीच्या पोशाखांत बसलेल्या राजेरजवाड्यांमध्ये तो पांढरा वेष उठून दिसला असणार.

त्याच महिन्यात व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागांत पाठवले. खर्च आवरणे हे त्यांचे काम होते. त्यांनी मजुरीचा नवा दर सुचवला: दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडेसे पैसे. एक पौंड म्हणजे आजचे साधारण साडेचारशे ग्रॅम. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची आणि माती वाहायची. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हरकत घेतली की एवढ्या धान्यात कष्ट करणारा माणूस तगणार नाही. शिवाय गावाजवळची लहान कामे बंद करून मजुरांना लांबच्या मोठ्या कामांवर जायला सांगितले गेले.

मी स्वतः बांधकामाच्या पदविकेवर नोकरीला लागलेला माणूस. घनमीटर माती, हजेरीपट आणि मापपुस्तक यांत माझे दिवस जातात. म्हणून त्या काळच्या कामांबद्दल मला विशेष वाटते. नीरा डावा कालवा आणि म्हसवडचा तलाव ही कामे याच दुष्काळात सुरू झाली. बारामतीकडचा ऊस ज्या पाण्यावर वाढला, त्या कालव्याची पहिली माती अर्धपोटी माणसांनी उचललेली आहे. आपण धरण पाहतो तेव्हा अभियंत्याचे नाव विचारतो. माती उचलणाऱ्यांची नावे मापपुस्तकात नसतात.

नवा दर लागू झाला तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामावरून उठून जाणे पसंत केले. हाती कुदळ, पोटात काही नाही, आणि तरीही त्यांनी नकार दिला. कुठे दंगा नाही, मारामारी नाही. इतक्या गरीब माणसांनी मिळून केलेला असा संप त्याआधी क्वचितच झाला असेल. त्यांच्या पाठीशी सार्वजनिक सभा उभी राहिली.

सभेने काय केले?

2 एप्रिल 1870 रोजी स्थापन झालेली ही सभा म्हणजे वकील, पेन्शनर, इनामदार, सावकार अशा मंडळींची संस्था होती. अर्ज करणे हे तिचे मुख्य काम. पण दुष्काळात सभेने नवी वाट धरली. तालुक्यातालुक्यांतल्या आपल्या माणसांकडून तिने पत्रे मागवली. पाऊस किती झाला, ज्वारीचा भाव काय, गुरे किती विकली, कामावर किती माणसे आहेत, त्यांना हातात किती मिळते, कोणते गाव ओस पडले. ही माहिती एकत्र करून सभेने दुष्काळाचे अहवाल एकामागून एक सरकारकडे पाठवले. सरकारचे कागद म्हणत होते की परिस्थिती आटोक्यात आहे. सभेचे कागद गावाचे नाव आणि बाजारभाव घालून वेगळे सांगत होते.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने सत्यशोधक समाज उभा होता. जोतीराव फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळात सापडलेल्या मुलांच्या जेवणाची सोय केली. सावित्रीबाई जुन्नर भागात हिंडत होत्या. 20 एप्रिल 1877 रोजी ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात उपासमारीचे वर्णन आहे, सत्यशोधकांनी नेमलेल्या मदत समित्यांची माहिती आहे. सावकारीविरुद्ध उठलेल्या आणि म्हणून अडचणीत आलेल्या कार्यकर्त्यांसाठी कलेक्टरशी केलेल्या बोलण्याची हकिकतही आहे. एकाच पत्रात ज्वारीची मदतही आहे आणि अन्यायाची तक्रारही. सावित्रीबाईंना ही दोन कामे वेगळी वाटली नाहीत.

तिसरी बाजू परदेशातल्या दानाची. 1877 च्या उत्तरार्धात लंडनमध्ये मॅन्शन हाउस निधी जमला आणि तो मुख्यतः मद्रास इलाख्यात वाटला गेला. लिटन यांना अशा खासगी दानाची कल्पना मनापासून पटलेली नव्हती. मद्रासला या निधीच्या समितीचे मानद चिटणीस विल्यम डिग्बी नावाचे पत्रकार होते. त्यांनी 1878 मध्ये या दुष्काळावर दोन खंडांचा ग्रंथ काढला. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी काम सोडून दाखवलेला शांत प्रतिकार त्यात नमूद आहे. दान वाटणाऱ्या माणसाने हक्क मागणाऱ्यांची साक्ष अशी जपून ठेवली.

1878 मध्ये सरकारने दुष्काळ आयोग नेमला. 1880 मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून पुढे प्रांतोप्रांतीची दुष्काळ संहिता तयार झाली. दुष्काळ कधी जाहीर करायचा, मजुरी धान्याच्या भावाशी कशी जोडायची, काम न करू शकणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना फुकट मदत कशी द्यायची, शेतसारा कधी तहकूब करायचा, याचे नियम पहिल्यांदा लिहिले गेले. नियम कंजूष होते आणि पाळले जातील याची खात्री नव्हती. तरी आता बोट ठेवायला कलम होते.

आपल्या काठावरची खूण

मोगलाईत सार्वजनिक सभेसारखी लोकांच्या वतीने बोलणारी संस्था त्या वेळी उभी राहिली नव्हती. म्हणून भीमेच्या पलीकडच्या काठाची हलाखी पुस्तकांत जितकी वाचायला मिळते, तितकी अलीकडच्या काठाची मिळत नाही. माणसे दोन्हीकडे सारखीच मेली. फरक लिहून ठेवणाऱ्याचा आहे.

तरीही या दुष्काळाची एक खूण आपल्या अगदी दाराशी आहे. वासुदेव बळवंत फडके यांनी या काळात दुष्काळी मुलूख फिरून पाहिला. ते स्वतः सरकारी कारकून होते. जे पाहिले त्याने त्यांचे मन पेटले आणि 1879 मध्ये त्यांनी बंड उभारले. शेवटी नवी माणसे जमवण्यासाठी ते आपल्या गाणगापूरकडे आले आणि जुलै 1879 मध्ये भीमेच्या पलीकडे देवर नावदगी इथे पकडले गेले. त्यांना पकडणाऱ्यांत इंग्रजांचे मेजर डॅनियल होते, तसेच निजामाच्या पोलिसांचे अब्दुल हक होते. बंड पकडण्यासाठी दोन्ही राज्ये नदी ओलांडून एक झाली. दुष्काळ निवारणासाठी तशी एक झाली असती तर, असा विचार मनात येतोच.

गणेशोत्सव आणि दुष्काळ संहिता

1893 पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1896 मध्ये, पुन्हा मोठा दुष्काळ पडला. तोवर सार्वजनिक सभेची सूत्रे लोकमान्य टिळकांच्या हाती आली होती. टिळकांनी दुष्काळ संहितेचा खरा उपयोग केला. इंग्रजीत असलेले नियम सोप्या मराठीत छापून सभेच्या कार्यकर्त्यांनी ते गावोगाव नेले. पीक बुडाले असेल तर शेतसाऱ्यात सूट मागणे हा तुमचा हक्क आहे, भीक नव्हे, असे त्यांनी शेतकऱ्यांना समजावले. त्याच वेळी पुण्यात स्वस्त धान्याची दुकाने निघाली. सोलापूर आणि नगरच्या विणकरांचे हाल पाहून त्यांना त्यांच्याच मागावर काम देण्याची योजना टिळकांनी स्थानिक मंडळींसह आखली. सरकारने ती मान्य केली नाही.

कार्यकर्त्यांवर खटले झाले. 1897 मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. धान्य वाटणाऱ्याला सरकार शाबासकी देते. पण नियम वाचून दाखवणाऱ्याकडे संशयाने पाहते, हे तेव्हाही दिसले. मात्र एकदा वाचून दाखवलेला नियम लोक विसरत नाहीत.

खडी, सुकडी आणि हमी

पंचाहत्तर वर्षांनी, 1972 मध्ये, महाराष्ट्रात आणि आपल्याकडेही पुन्हा तसाच काळ आला. आपल्यातली जुनी माणसे अजून त्याला बहात्तरचा दुष्काळ म्हणतात. लाल मिलो आणि सुकडी हे शब्द ऐकले की त्यांचे चेहरे बदलतात. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. या वेळी उपासमारीने गावेच्या गावे ओस पडली नाहीत. मदत संस्थांनी अन्न पुरवले, सरकारने कामे काढली, आणि खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांनी वेळेवर मजुरी आणि जवळ काम यांसाठी मोर्चे काढले, संप केले.

यातूनच रोजगार हमी योजना पक्की झाली. वि. स. पागे यांनी ती मांडली, 1977 मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. ज्याचा पगार पावसावर अवलंबून नाही, त्याने पावसावर जगणाऱ्यासाठी थोडे द्यावे, असा तो विचार. पूर्वी जे दान होते ते आता देणे झाले. 2005 मध्ये साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचे मूळ इथे आहे.

त्याच दुष्काळाने विलासराव साळुंखे यांना पुरंदर तालुक्यात नेले. ते पुण्याचे उद्योजक. नायगावला देवस्थानची माळरानाची जमीन घेऊन त्यांनी पाणी अडवून दाखवले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही ऐकण्यासारखे आहेत. पाणी माणशी मिळेल, जमिनीच्या आकारावर नाही. एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. पुढे 1980 च्या दशकात सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने येरळा नदीवर बळीराजा धरण बांधले. गावकऱ्यांचे श्रम, शहरातल्या हितचिंतकांचे पैसे, अभियंत्यांचे ज्ञान आणि चळवळीचा रेटा अशी ती मोट होती. तिथेही भूमिहीनांसह प्रत्येक घराला पाण्याचा हक्क मानला गेला.

बिदरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की झहीराबादजवळ पस्तापूर आहे. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीबरोबर 1980 च्या दशकापासून गरीब, बहुतांश दलित स्त्रियांचे संघ काम करतात. पडीक जमिनी लागवडीखाली आणणे, ज्वारी-बाजरी-राळ्याचे बी घरात जपणे आणि गावातच धान्याचा साठा करणे, हे त्यांनी केले. 2019 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पैसा आणि कागद संस्थेने सांभाळले; कोणते बी पेरायचे हे बायकांनी ठरवले.

आजचा प्रश्न

अलीकडे हवामान न्याय हा शब्द वर्तमानपत्रांत दिसतो. त्याचा अर्थ अवघड नाही. हवेत धूर ज्यांनी जास्त सोडला, ते वेगळे. आणि बिघडलेल्या पावसाचा फटका ज्यांना जास्त बसतो, ते वेगळे. तेव्हा नुकसान कोणी सोसायचे आणि भरपाई कोणी द्यायची, हा न्यायाचा प्रश्न झाला. 2022 मध्ये इजिप्तमधल्या जागतिक परिषदेत गरीब देशांच्या नुकसानीसाठी निधी उभारायचे ठरले. त्यासाठीही धर्मादाय संस्था आणि तळातल्या चळवळी यांनी मिळून अनेक वर्षे रेटा लावला होता.

आपल्या रानात हा बदल आपण पाहतोच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवून दिले की 1950 पासून मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. ऑक्टोबर 2020 मध्ये भीमेच्या पुराने अफझलपूर तालुक्यातली गावे पाण्यात गेली. तीनच वर्षांनी, 2023 मध्ये, कर्नाटकातल्या 236 तालुक्यांपैकी 223 तालुके दुष्काळी जाहीर झाले. राज्याने केंद्राकडे 18,171 कोटी रुपये मागितले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल 2024 मध्ये सुमारे 3,454 कोटी रुपये मिळाले. कोणाचे बरोबर यात मी पडत नाही. एवढेच सांगतो की अशा वेळी वाद होतो तो आकड्यांवर, आणि आकडे येतात गावातून.

गावातल्या नोंदीत कोण असते? ज्याच्या नावाची पहाणी आहे तो. बटईने जमीन करणारा त्यात सापडत नाही. तूर काढायला जाणारी मजूर बाई सापडत नाही. कार्तिक संपला की मुलाबाळांसह ऊसतोडीला जाणारे घर सापडत नाही. पिकाचे नुकसान मोजले जाते, बुडालेली मजुरी मोजली जात नाही. 1877 मध्ये जो मजूर उठून गेला, त्याचा नातू आजही मापपुस्तकाच्या बाहेरच उभा आहे.

आपली मंडळे दानात कमी नाहीत. टँकर, चारा, वह्या, पुराच्या वेळी भाकरी, सारे आपण देतो आणि देत राहू. त्याच्या जोडीला एक साधी वही मंडळाने ठेवावी, असे मला वाटते. देवळाच्या आवारात एक पर्जन्यमापक. दर पौर्णिमेला गावातल्या चार विहिरींच्या पाण्याची खोली. टँकर किती आले आणि कोणत्या वस्तीत पोचले. बटईदार कोण, कामासाठी गाव सोडून गेलेली घरे किती. शाळेचे मास्तर, बचत गटातल्या बायका आणि कॉलेजात जाणारी दोन मुले एवढ्यावर हे काम भागते. वही मराठीत लिहावी आणि तिची कानडी प्रत ग्रामपंचायतीला द्यावी. अर्ज कानडीत लागतो आणि दुःख घरच्या भाषेत सांगितले जाते. आपल्या सीमाभागाला दोन्ही येतात, ही आपली जमेची बाजू.

सार्वजनिक सभेकडे दीडशे वर्षांपूर्वी याहून वेगळे हत्यार नव्हते. गावाचे नाव, ज्वारीचा भाव, पावसाचे दिवस, मजुराच्या हातातले आणे. तेवढ्या बळावर तिने सरकारला उत्तर द्यायला लावले. यंदा वर्गणीचे पुस्तक छापताना शेवटची दहा पाने कोरी सोडली, तरी आपल्याला सुरुवात करता येईल.

गणपती बाप्पा मोरया!